तापवून सरळ केलेला आर्म

गाडीची पुढची चाकं सरळ आहेत की नाहीत, हे मी आधी तळव्यानं बघत असे. गाडी गॅरेजात शिरली की मालकाचं बोलणं ऐकत खाली बसायचं आणि टायरवरून हात एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत फिरवायचा. चाक नीट असेल तर हात दोन्हीकडून सारखाच सरकतो. बिघडलेलं असेल तर जाताना गुळगुळीत लागतं आणि येताना करवतीच्या दातांवरून हात गेल्यासारखं वाटतं. टायर रस्त्यावर नुसता फिरत नाही, घासत जातोय, असा त्याचा अर्थ. मालकाचं तोवर स्टेअरिंग, रस्ता, आधीचा मिस्त्री, सगळ्यांना दोष देऊन झालेलं असायचं.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं गॅरेज होतं. साठ सालानंतर लवकरच सुरू केलं आणि नव्वद यायच्या आत बंद केलं. वर पत्रा, तीन बाजूंना भिंत आणि खाली सिमेंटचा कोबा. त्या कोब्यावर माझा फार जीव होता. पाणसळ लावून मी तो स्वतः सपाट करून घेतला होता, कारण जमीन सपाट नसेल तर चाकाचं माप खोटं येतं. आम्ही या कामाला अलायमेंट म्हणायचो. कुणाला समजावून सांगायचं तर एवढंच, की पुढची दोन चाकं वरून पाहिली तर पुढच्या अंगाला एकमेकांकडे किंचित झुकलेली असावी लागतात. किती, तर एखादं सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. जीपला त्याहूनही कमी. तेवढा फरक कमी-जास्त झाला की नवा टायर चार महिन्यांत टकला होतो, गाडी एका बाजूला ओढते, आणि संध्याकाळी ड्रायव्हरचे खांदे का दुखतात ते त्याला कळत नाही.

तेव्हा आजच्यासारखी यंत्रं नव्हती. चाक जॅकवर उचलायचं, फिरवायचं, फिरता फिरता खिळ्यानं टायरच्या मधोमध एक रेघ ओढायची. दोन्ही चाकांवरच्या रेघांमधलं अंतर पुढून मोजायचं, मग गाडी अर्धा फेरा पुढं ढकलून तेच अंतर मागून मोजायचं. त्यासाठी मी एक लांब लोखंडी गज बनवून घेतला होता, त्याच्या दोन्ही टोकांना टोकदार काटे होते. माझे उस्ताद विष्णू मिस्त्री हे काम नुसत्या दोरीनं करत. लोहार घराण्यातले होते. ते मला म्हणायचे, "हुसेन, चाकाला जोडलेली वस्तू कधी तापवायची न्हाय. वाकली की फेकायची." पोलाद भट्टीत तापवून ठोकून सरळ करता येतं, दिसायला पहिल्यासारखं होतं, पण आत त्याची ताकद उरत नाही, हे त्यांनी मला तुटलेले तुकडे दाखवून शिकवलं होतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची यायची. कबनूरचे एक यंत्रमागवाले शेठ होते. त्यांची अँबॅसिडर डावीकडं ओढायची. मी दोनदा अलायमेंट केलं, दोन्ही वेळा गाडी माझ्या दारातून सरळ गेली आणि आठवड्यात शेठ तोंड वाकडं करून परत आले. तिसऱ्या वेळी मी त्यांच्याबरोबर गाडीत बसून इचलकरंजीपर्यंत गेलो. तेव्हा कळलं की शेठ कायम मागच्या सीटवर डाव्या कोपऱ्यात बसायचे आणि त्यांच्या मागं डिकीत, त्याच अंगाला, मागाचे लोखंडी सुटे भाग भरलेले असायचे. शेठ अंगानं भरभक्कम. दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "शेठ, तुमी आत बसा, तुमच्यासकट सरळ करतो." ते तासभर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन गाडीतच झोपले आणि मी खाली माप घेतलं. ती गाडी पुन्हा तक्रार घेऊन आली नाही. हा किस्सा मी आयुष्यभर सांगत आलो. लोक हसतात, मलाही बरं वाटतं.

दुसरी हकीकत मी कुणाला सांगितलेली नाही. आनंदा जिवंत असेपर्यंत ती लिहायची नाही असं ठरवलं होतं. तो गेल्या वर्षी गेला.

आनंदा वडाप करायचा. म्हणजे स्वतःच्या जीपमधून सीटं भरून माणसं न्यायची, आणायची. कोल्हापूर ते जोतिबाचा डोंगर, ही त्याची लाइन. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, उंच, बोलायला मोठ्या आवाजाचा, पण गाडी जपून चालवणारा. तो त्या जीपचं सगळं काम माझ्याकडंच करून घ्यायचा. डोंगरावरची पुष्कळ माणसं त्याच्या जीपच्या वेळेवर आपली वेळ ठरवायची. दवाखान्याला जाणारी, नारळाची पोती नेणारी, रविवारी देवाला जाणारी. त्यातच हौसाबाई होती. कासारीण. दर रविवारी बांगड्यांच्या दोन पाट्या घेऊन ती डोंगरावर जायची, देवळाबाहेर बसायची आणि आनंदाच्या शेवटच्या खेपेला खाली यायची. आठवड्यात एखादा दिवस ती आमच्या गल्लीतही यायची. माझ्या बायकोच्या हातात वर्षानुवर्षं तिनंच भरलेल्या बांगड्या होत्या.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. चैत्राची यात्रा तोंडावर होती. एका गुरुवारी सकाळी आनंदा जीप घेऊन आला. पुढं, त्याच्या शेजारच्या सीटवर, हौसाबाई पाट्या मांडीवर घेऊन बसलेली. यात्रेच्या आधी तिला डोंगरावर माल नेऊन ठेवायचा होता. आनंदानं सांगितलं की आठ दिवसांपूर्वी रस्त्यात रेडा आडवा आला, त्याला चुकवताना चाक दगडावर आदळलं. तेव्हापासून जीप उजवीकडं ओढते आणि स्टेअरिंग थरथरतं.

मी खाली सरकलो आणि बघितलं. चाक वळवायला आत एक पोलादी दांडा असतो, एका टोकाला चाकाला धरलेला. त्याला आम्ही आर्म म्हणतो. तो आर्म वाकला होता, आणि कुणीतरी तो भट्टीत तापवून ठोकून सरळ केला होता. वरून काळा रंग मारला होता, पण रंगाच्या कडेला तापलेल्या पोलादाची निळी-जांभळी झाक दिसत होती. बाहेर येऊन मी आनंदाला विचारलं. त्यानं लपवलं नाही. वाटेवरच्या एका लोहाराकडून करून घेतला, म्हणाला.

मी त्याला सांगितलं की हा आर्म मोडणार. आज नाही तर महिन्यानं, पण मोडणार, आणि मोडला की चाक स्टेअरिंगचं ऐकणार नाही. नवा पुण्याहून मागवावा लागेल, दहा-बारा दिवस लागतील, तोवर गाडी उभी कर. आनंदाचा चेहरा उतरला. यात्रेच्या तोंडावर जीप उभी करायची म्हणजे डोंगरावरच्या माणसांना काय सांगायचं, म्हणाला. मी नाही म्हणत राहिलो. तेव्हा हौसाबाई जीपमधूनच बोलली.

"करा की वं मिस्त्री. ह्या पाट्या डोस्क्यावर घिऊन डोंगर चढायचं माजं वय ऱ्हायलंय व्हय?"

मी तिच्याकडं बघितलं. साठीच्या घरात होती. हातावर काचेचे बारीक ओरखडे, बांगड्या भरणाऱ्या बाईच्या हातावर असतात तसे. मी आनंदाला म्हणालो की नवा आर्म मागवतो, अलायमेंट करून देतो, पण आर्म येईपर्यंत जीप फक्त सपाटीवर चालवायची. डोंगराच्या पायथ्याला केर्लीपर्यंत जायचं, पुढं चढावर घालायची नाही. माणसांना तिथून दुसरी गाडी बघू दे. आनंदानं मान हलवली. हौसाबाईला मी त्या दिवशी एस.टी.नं जायला सांगितलं आणि ती कुरकुरत गेली.

इथंपर्यंत मला स्वतःचं समर्थन करता येतं. पुढं करता येत नाही.

त्या वाकड्या आर्ममुळं चाकांचं माप काही केल्या जुळेना. एका बाजूला केलं की दुसरीकडं बिघडायचं. मला चेव आला. दुपारचं जेवण राहिलं. गज लावायचा, मोजायचं, दोन्ही चाकं जोडणारा टायरॉड अर्धा आटा फिरवायचा, गाडी ढकलायची, परत मोजायचं. अशा गाडीवर एवढी मेहनत कुणी करत नाही. पण कोल्हापुरात हे आपल्यालाच जमेल, ही घमेंड माझ्यात होती, आणि त्या दिवशी तीच हात चालवत होती. दिवस कलता माप जुळलं. आनंदाला शेजारी बसवून मी शिवाजी पुलावरून पन्हाळ्याच्या रस्त्याला जीप नेली आणि सरळ रस्त्यावर दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलले. जीप रेघेसारखी सरळ गेली. आनंदा हसायला लागला.

"नवी असतानाबी अशी चालली न्हवती," तो म्हणाला.

मी त्याला पुन्हा एकदा आर्मची आठवण करून दिली, पण हसत हसत. हसत सांगितलेलं कोण मनावर घेतं? जीप ओढत होती, थरथरत होती, तोवर तो तिला भीत होता. दर वळणाला त्याला कळत होतं की खाली काहीतरी दुखतंय. मी दुखणं तसंच ठेवलं आणि थरथर तेवढी काढली. अलायमेंटमध्ये हा धोका आहे. वाकडी वस्तू न बदलताही गाडी सरळ चालवता येते, आणि मग चालवणाऱ्याला काही कळायचा मार्ग उरत नाही.

पहिल्या रविवारी तो केर्लीवरून परत फिरला. हे मला नंतर कळलं. दुसऱ्या रविवारी डोंगरावर गेला. जीप इतकी हलकी चालत होती, की काही होईल असं त्याला वाटलं नसणार. उतरताना, दुपारच्या शेवटच्या खेपेला, एका वळणावर आर्म मोडला. चाक भलतीकडं वळलं आणि जीप रस्त्याच्या कडेवरून खाली जाऊन दोनदा उलटली. मागच्या माणसांना मार लागला, आनंदाची मांडी मोडली. हौसाबाई पुढं बसली होती. ती जागीच गेली.

मला ही बातमी बाजारात कळली. एक ओळखीचा ड्रायव्हर रस्त्यात थांबून सांगत होता आणि मी मान हलवत ऐकत होतो. घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती. मग ताट वाढायला उठली तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या वाजल्या. मी तिला त्या काढून ठेव म्हणालो. तिनं कशाला म्हणून विचारलं. मी ताट पुढं ओढलं. तिनं त्या काढल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मोडकी जीप पोलीस ठाण्याच्या आवारात आणून टाकली होती. ती तपासायला आलेले साहेब तरुण होते, चांगले होते. अपघात गाडीच्या दोषानं झाला की ड्रायव्हरच्या, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. उद्यमनगरातला जाणता मिस्त्री म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं. जीपचं काम माझ्याकडंच व्हायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

मी वाकलो, मोडलेल्या आर्मचा तुकडा मोकळा करून हातात घेतला. पोलाद मोडलं की मोडलेलं तोंड सगळं बोलून दाखवतं. ताजं मोडलेलं पोलाद चकचकीत, दाणेदार दिसतं. या तुकड्याचं अर्धं तोंड चकचकीत होतं आणि अर्धं काळपट, गंजाच्या रंगाचं. म्हणजे अर्धी चीर आधीच पडलेली होती. आपटल्यामुळं आर्म मोडला नव्हता. आर्म मोडल्यामुळं जीप आपटली होती. तापवलेल्या जागेवरच, उस्तादांनी दाखवलेल्या तुकड्यांसारखं.

साहेब दोन पावलांवर उभे होते, हवालदाराला काहीतरी लिहून घ्यायला सांगत होते. माझ्या अंगठ्याला ग्रीस होतं. मी तो अंगठा त्या तोंडावरून फिरवला. एकदा, मग परत एकदा. सगळं तोंड एकसारखं काळं झालं.

साहेबांनी विचारलं, "काय वाटतंय, मिस्त्री?"

"आपटल्यावर मोडलाय, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी तसं लिहिलं. गाडीत दोष नाही. म्हणजे दोष ड्रायव्हरचा.

हे मी घाबरून केलं. मला दुसरं काही सुचलं नाही, असं मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं, पण सुचायला वेळ होता. अंगठा दोनदा फिरवला. माझं नाव, माझा कोबा, पंधरा-वीस वर्षांत लोकांनी माझ्या हातावर टाकलेला विश्वास, हे सगळं जाईल एवढंच मला दिसत होतं. हौसाबाई त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढं नव्हती. आनंदाही नव्हता.

मंगळवारी पुण्याहून नवा आर्म आला. पार्सल मी न फोडता एका ट्रकवाल्याच्या हाती परत धाडलं.

आनंदा तीन महिने दवाखान्यात होता. मी त्याला बघायला गेलो नाही. बायको जाऊन आली, डबा घेऊन. तिला त्यानं माझी खुशाली विचारली. मग खटला चालला. बेदरकारपणे गाडी चालवून माणूस मारल्याचा गुन्हा त्याच्यावर होता. आनंदा कोर्टात आर्मबद्दल चकार शब्द बोलला नाही. लोहाराचं नाव त्यानं घेतलं नाही, माझंही नाही. त्याला शिक्षा झाली, लायसन गेलं. तुरुंगातून सुटला तोवर जीप भंगारात गेली होती. तो कोल्हापूर सोडून डोंगरावरच राहायला गेला, असं ऐकलं.

त्यानंतर मी कामाला कडक झालो. वाकलेली, तापवलेली, झाळून जोडलेली वस्तू दिसली की अलायमेंटला हात लावत नसे. गिऱ्हाइकं रागवायची, दुसरीकडं जायची. मिस्त्रीचं डोकं फिरलंय, असं लोक म्हणू लागले. एका ट्रकवाल्याचा तापवलेला टायरॉड मी त्याच्यासमोर करवतीनं कापून टाकला, तेव्हा तो अंगावर धावून आला होता. पण ज्या गाडीसाठी हे करायला हवं होतं, ती गाडी मी स्वतःच्या हातानं सरळ करून रस्त्यावर सोडली होती. नंतरच्या शंभर गाड्या नाकारून तिचा हिशेब लागत नाही.

पुढं सात-आठ वर्षांनी एक गिऱ्हाईक आपली मोटार तपासून घ्यायला मला बरोबर घेऊन निघाला आणि चाचणी घेत घेत जोतिबाला जाऊ म्हणाला. मी नको म्हणायला हवं होतं. वर पोहोचल्यावर तो दर्शनाला गेला आणि मी पायऱ्यांच्या बाजूला दुकानांच्या रांगेपाशी उभा राहिलो. कुणीतरी मोठ्यानं हाक मारली.

"हुसेन मिस्त्रीच न्हवं?"

आनंदा होता. नारळ, गुलाल, खोबऱ्याच्या वाट्या मांडून बसलेला. केस पांढरे झालेले, एक पाय लांब सोडलेला. त्यानं मला दुकानात बोलावलं, पोतं झटकून बसायला दिलं, चहा सांगितला. घरच्यांची चौकशी केली. मी उत्तरं देत होतो. एवढी वर्षं मी हे बोलणं मनात जुळवलं होतं. शेवटी मी म्हणालो, "आनंदा, त्या जीपच्या वक्ताला मी..."

त्यानं हात वर करून मला थांबवलं. इकडंतिकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला मी हलक्या आवाजात बोलताना ऐकलं.

"मला समदं ठावं हाय, मिस्त्री. हवालदारानं सांगिटलं मला, तुमी काय म्हनालासा ते. तुमाला तर दिसलंच असणार आर्म कुठं मोडलाय. डोंगरावर घालू नगो म्हणून तुमी बजावल्यालं, आनि मी घाटली. त्ये तुमी सांगिटलं असतं तर जानून मानूस मारला म्हणून मला दहा वर्सं आत टाकलं असतं. माझ्यापायी तुमी खोटं बोललासा. लई उपकार हाईत तुमचे."

तो खरंच तसं समजत होता. सात-आठ वर्षं तसं समजत होता. तुरुंगात, दवाखान्यात, या पोत्यावर बसून, माझं नाव त्यानं उपकारकर्त्यासारखं जपलं होतं. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी मी खोटं बोललो, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. चहा आला. त्यानं माझ्यासाठी बशीत ओतला. हौसाबाईचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. समोरून लोक गुलालानं माखून उतरत होते.

गिऱ्हाईक दर्शन करून आला आणि मला शोधू लागला. मी उठलो. आनंदानं एक नारळ निवडला, कानाशी हलवून पाणी बघितलं आणि माझ्या हातात दिला. घरच्यांस्नी द्या, म्हणाला, आणि पुन्हा हात जोडले.

"राहू दे रे आनंदा," मी म्हणालो. "त्यात काय एवढं."